‘सात चिराग’ची पोथी

ते पुस्तक आमच्या दुकानात दहावीच्या गाईडांमध्ये उभं होतं. ही कामगिरी आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. दिनकरराव पुस्तकाची जाडी बघून त्याची जागा ठरवतात. त्यातून कव्हरवर छापलेलं, ‘सात चिराग : संपूर्ण मार्गदर्शक’. एका गोष्टीचं सगळं उकलून सांगणारं दुसरं पुस्तक म्हणजे जिंतुरात गाईडच की. एक बाप तर ते घेऊन निघालाही होता. मी त्याला दारात गाठलं आणि विचारलं, “परीक्षेत धुक्यातल्या राक्षसाची वंशावळ येणार हाय का पोराला?” त्यानं पुस्तक ठेवलं, पण माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच पोराचे मार्क कापले.

‘सात चिराग’ म्हणजे ती परदेशातली मालिका, हिंदीत बोलणारी. बर्फाच्या कडेला एक राज्य. राज्याच्या वेशीवर सात दिवे. एक दिवा विझला की त्या बाजूनं धुकं आत येतं, आणि धुक्यात सापडलेल्या माणसाला त्याची घरचीच माणसं विसरतात. गावातली निम्मी पोरं मोबाईलवर तेच बघत होती. मालिका गाजली तशी तिच्यावरची पुस्तकं निघाली. एक नकाशांचं, एक जनावरांचं, एक तर त्या राज्यातल्या स्वयंपाकाचं. सगळ्यांत जाड हे, राज्याचा पहिल्यापासूनचा इतिहास सांगणारं, मराठीत आलेलं.

मी पुस्तकांचं दुकान चालवते, पण मालकांच्या मते माझं खरं दुकान माणसांचं. कुणाच्या नावावर काय जमा, काय बाकी, हे मी डोक्यात लिहून ठेवते. हे पुस्तक मागायला शांतम्मा येईल, हे मात्र माझ्या कुठल्याच पानावर नव्हतं.

शांतम्मा आमच्या मागच्या गल्लीतली. मन्मथअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यांची बायको. सत्तरीला टेकलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि आवाज पितळी घागरीत बोलल्यासारखा. दर श्रावणात तिच्या ओसरीवर पोथी लागायची. आमच्याकडं पोथीला दोन माणसं लागतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचायची शांतम्मा. अर्थ सांगायची पंचफुला, तिची भिंतीला भिंत शेजारीण.

पंचफुलाला अक्षर येत नव्हतं. बापाच्या घरी पोथी ऐकून ऐकून अर्थ तिच्या कानातून आत गेलेला. ओवी संपली की ती पदर सावरायची, एकदा आम्हा सगळ्याजणींच्या तोंडांकडं बघायची आणि मग सुरू व्हायची. देवीनं दैत्य मारला, तर त्या दैत्याची चाल आमच्याच गल्लीतल्या कुणाची तरी असायची. ज्याची असायची त्याची बायको दुसऱ्या दिवशी पोथीला येत नसे. तिसऱ्या दिवशी यायची, कारण आज कुणाची पाळी, हे घरी बसून कळत नाही.

अर्थ सांगणारा बाहेरचा असला तर त्याला आधी विडा द्यायचा. पानं, सुपारी, नारळ. विडा म्हणजे बोलावणं. पंचफुलाला शांतम्मानं कधी विडा दिला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर उलथण्यानं दोनदा वाजवलं की ती यायची, कधी कधी पिठाच्या हातानंच.

ती मालिका घरात आणली शांतम्माची सून त्रिवेणी हिनं. जेवणं झाली की ती टीव्ही लावायची. दोघी म्हाताऱ्या शेंगा फोडायच्या निमित्तानं बसायच्या. हिंदी दोघींनाही कळायची. निजामाच्या मुलखातल्या बायकांना हिंदी शिकवावी लागत नाही. तरी प्रत्येक भाग संपला की शांतम्मा म्हणायची, “हां, आता सांग.” आणि पंचफुला सांगायची. राजाचा मेव्हणा कामून हसला, राणीनं कुणाला पाणी विचारलं न्हाई. त्रिवेणी म्हणायची, मालिकेपेक्षा हे चांगलं.

मग पंचफुला अंगणात घसरून पडली, गुडघे गेले. तिचा मुलगा योगीराज परभणीला कृषी विद्यापीठात कारकून. तो आईला घेऊन गेला, आणि पुढं घरही विकून टाकलं. वाईट मुलगा नाही. पण घर विकताना त्यानं भिंती मोजल्या, भिंतीपलीकडलं कोण मोजतं? घेणाऱ्यानं तिथं ठिबकच्या नळ्या रचल्या. शांतम्माच्या चुलीमागं आता काळ्या नळ्यांची वेटोळी आहेत.

मालिकेचा शेवटचा हंगाम दोघींनी वेगवेगळ्या घरांत बघितला. राणी मिरेलची धाकटी बहीण ओसीन विझलेले दिवे लावायला धुक्यात जाते. राणी सातव्या दिव्यापाशी बसून राहते. संपली मालिका. बहीण आली की नाही, ते सांगितलंच नाही. सगळे बघणारे चिडले. त्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाला नाव होतं, ‘ओसीनचं पुढं काय झालं’.

म्हणून शांतम्मा दुकानात आली.

“नर्मदा, ते दिव्याचं पुस्तक हाय म्हणं तुझ्याकडं.”

“हाय. नातीला पायजे का?”

“मला पायजे.”

“तुमाला कशाला वो शांतम्मा ही धुक्यातली भुतं?”

“पोथी लावायची हाय.”

दिनकररावांनी पेपर खाली घेतला. “टीव्हीची पोथी?”

“व्हय. तुमी नगा येऊ ऐकायला. तुमाला बसल्या जागी झोप लागती.”

पेपर परत वर गेला.

आणि खरंच पोथी लागली. तोच चौरंग, तेच वस्त्र, खुणेला तेच मोरपीस. दुपारी दुकान बंद करून मी जायची, आणखी एक-दोघी यायच्या. त्रिवेणी फोन लावायची, स्पीकर मोठा करायची आणि तांब्याला टेकवून चौरंगावर उभा करायची. पलीकडून खोकल्याचा आवाज आला की समजायचं, अर्थ सांगणारी बसली.

शांतम्मा नकाशासुद्धा ओवीच्या चालीत वाचायची. अमुक नदी, तमुक खिंड, पूर्वेस काळं सरोवर. फोनमधून पंचफुला म्हणायची, “सरोवर म्हंजे येलदरीचं धरण समज. पाणी दिसतंय सगळ्यांला, नळाला येतंय दुसऱ्याच्या.” स्वयंपाकाचं पान आलं, त्यात राणीचं पेय, सातूचं पीठ आंबवून केलेलं.

“आंबील हाय ती,” पंचफुला म्हणाली. “राणीबी आंबीलच प्यायची बगा. आन् आपल्या सुनांला कॉफी पायजे.”

“आत्या, मी चहा पिते,” त्रिवेणी म्हणाली.

“तुला न्हाई बाई म्हणाले. माझी सून हापिसात गेली, म्हणून म्हणाले.”

सगळ्या हसल्या. फोनमधलं हसू मात्र थोडं उशिरा थांबायचं, आणि थांबलं की मागून लिफ्टचा आवाज यायचा.

पुस्तकं विकणाऱ्या बाईला पुस्तक किती सरकलं हे लांबूनही दिसतं. सुरुवातीला बैठकीला एक प्रकरण व्हायचं. मग दोन पानं. मग एक. मग मोरपीस सकाळी जिथं असायचं, तिथंच संध्याकाळी. शांतम्मा एक परिच्छेद वाचून म्हणायची, “आज घसा धरलाय.” घसा धरलेली बाई नंतर फोनवर तासभर बोलायची. पंचफुला तर आणखी बेरकी. एकदा राणीच्या घोड्याचं वर्णन आलं, साधं दोन ओळींचं, तर त्या घोड्याच्या अर्थात तिनं आपल्या मोठ्या नणंदेचं अख्खं लग्न घातलं. मी समजले. दोघीजणी मिळून पोथी चोरायल्यात, पुढं जाऊ न देता. कारण पोथी संपली की रोज दुपारी फोन लावायचं निमित्त संपलं.

पण पुस्तकाला शेवट असतोच. एक दिवस फक्त शेवटचं प्रकरण उरलं. शांतम्मानं मोरपीस ठेवलं आणि फोनकडं वाकून म्हणाली, “समाप्तीला तू इथं पायजेस. अर्थ सांगणारा समोर नसला तर पोथी मिटत न्हाई.”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “बगू.”

“बगू काय? गुडघ्यानं येतीस का एसटीनं येतीस?”

“बगू म्हणलं न्हवं.”

त्यानंतर पंचफुला फोन उचलेना. कधी पाहुणे आलेले, कधी डोळ्याला औषध घातलेलं. एका रविवारी योगीराजच्या बायकोनं सांगितलं, “आई झोपल्यात.” दुपारी पंचफुला झोपते, हे मला कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

शांतम्मा चौरंग झाडायची, पुस्तकावरचं वस्त्र काढायची, मोरपिसापाशी बोट न्यायची आणि परत वस्त्र टाकायची. पुढचं पान वाचणं काही अवघड नव्हतं. पण पोथीत पुढं डोकावायचं नसतं. मी दुकानातल्या दुसऱ्या प्रतीत तो शेवट कधीच वाचून ठेवला होता. दुकानदाराला तेवढी सूट असते. एकदा म्हणालेही, “सांगू का, बहीण आली का न्हाई?”

“तुला इचारलं का?” शांतम्मा म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. भिंतीकडं बघत होती.

उन्हं तापायला लागली तेव्हा मी परभणीला माल आणायला गेले. काम आटोपून रिक्षा केली आणि विद्यापीठाच्या रस्त्याला योगीराजच्या फ्लॅटवर गेले. घरात पंचफुला एकटीच. खिडकीत खुर्ची टाकून बसलेली. खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, आणि ती त्यांच्याकडं अशी बघत होती की जणू आत्ता एखादी टाकी उठून काहीतरी बोलेल, मग हिला अर्थ सांगता येईल.

“आगं नर्मदा. बस. त्या खोलीत माझी चूल होती, तिथं काय हाय आता?”

बसायच्या आधीच हे.

“नळ्या ठेवल्यात, मावशी.”

“भिताडाला वल येती म्हणावं तिथं. नळ्या जरा पुढं सरकवून ठिवा म्हणावं.”

“सांगते. तुमी समाप्तीला कव्हा यायल्यात?”

तिनं पदर सावरला. पोथीत अर्थ सांगताना सावरायची तसाच.

“तिनं मला विडा दिला का?”

“तुमाला कधी दिलाय विडा?”

“कधीच न्हाई. कारण मी भिंतीपलीकडं होते. वाजवलं की जायची. आता भिंतीपलीकडं मी न्हाई. मंग मी कोण झाले? पावणी झाले. पावण्याला बोलवावं लागतंय, नर्मदा. माझं तिथं अंगण न्हाई, माठ न्हाई, चपला काढायला स्वतःचा उंबरा न्हाई. बिनविड्याची जाऊन कुणाच्या दारात उभी राहू?”

“शांतम्माच्या.”

“तेच म्हणायले. पयले शांतम्माचं दार म्हंजे दुसऱ्याचं दार न्हवतं.”

मी चहा प्यायले. साखर कमी होती. सुनेनं डब्यात मोजूनच ठेवलेली असणार. निघताना पंचफुला जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, “तिला सांगू नकोस.” म्हणजे सांग. इतका अर्थ मलाही येतो.

मी एसटीतून उतरले ती सरळ शांतम्माकडं गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, लगेच त्रिवेणीला पानं आणायला पिटाळेल. शांतम्मा उठलीसुद्धा नाही. शेंगा फोडत होती, फोडतच राहिली.

“विडा न्हाई देणार.”

“कामून वो? नारळाला महाग झालात का?”

“विडा बाहेरच्याला देतेत. आज मी तिला विडा दिला, की झालं. ती बाहेरची झाली. मी माझ्या हातानं तिला बाहेरची करू?” शेंगेतला दाणा किडका निघाला, तो तिनं बाजूला टाकला. “घर योगीराजनं इकलंय. मी न्हाई इकलं.”

तेव्हा माझा हिशेब पहिल्यांदा चुकला. मी दोघींच्या नावावर रुसवा लिहून ठेवला होता. तो रुसवा नव्हताच. एकीला बोलावणं पाहिजे होतं, कारण ती लांब गेली. दुसरी बोलावत नव्हती, कारण ती लांब गेली हे तिला कबूल नव्हतं. असल्या खात्यात मध्यस्थानं बोट घालू नये. मी घातलं.

“मंग तुमी जा की,” मी म्हणाले. “तुमाला तरी तिनं कुठं विडा दिलाय? बिनबोलावता जा. शेजारीण जाती तशी.”

शांतम्मानं पहिल्यांदाच हात थांबवला. “पोथी?”

“पोथीबी न्या.”

“लागलेली पोथी चौरंगावरून हालवत न्हाईत.”

“टीव्हीची पोथी हाय, शांतम्मा. तिला येवढं कळत नसल.”

आठवड्यानं आम्ही निघालो. सध्या अर्ध्या तिकिटात सगळ्या बायका महाराष्ट्र हिंडायल्यात, म्हणून गाडीला ही गर्दी. शांतम्मानं पुस्तक वस्त्रासकट मांडीवर घेतलं होतं आणि पिशवी पायाशी. पिशवीत काय आहे, विचारलं तर म्हणाली, “शेंगा.” जिंतूर ते परभणी हा काही प्रवास नाही. लोक तिथं लग्नाचं जेवण जेवून चारच्या आत घरी येतात. पण बोरीच्या पुढं गाडी गेली तेव्हा शांतम्मा म्हणाली, “लय लांब हाय गं हे.”

फ्लॅटच्या दाराला घंटी होती. शांतम्मानं तिच्याकडं बघितलंही नाही. पिशवीतून उलथणं काढलं. घरून आणलं होतं. दारावर दोनदा वाजवलं.

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, बहुतेक ताट. मग बराच वेळ काही नाही; गुडघ्यांना वेळ लागतो. दार उघडलं. पंचफुलाचे हात पिठानं माखले होते.

“कामून आलीस?” ती म्हणाली.

“मीठ संपलं,” शांतम्मा म्हणाली, आणि बाहेरच्या सोफ्याकडं न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली.

तिथं ओट्यावर परातीशेजारी पुस्तक ठेवलं. पंचफुलानं हात धुतले, स्टूल ओढलं. मी दारात टेकून उभी. शांतम्मानं मोरपीस काढलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. घसा धरलेला नव्हता. पितळी आवाज त्या लहानशा स्वयंपाकघरात मावत नव्हता; शेजारच्या फ्लॅटमधलं कुणीतरी दार उघडून बघून गेलं.

शेवट मला माहीत होता. असली पुस्तकं बेरकी असतात. जे मालिकेनं सांगितलं नाही ते तीही सांगत नाहीत. ‘ओसीन परत आली, असं उत्तरेकडचे लोक सांगतात. ती धुक्यातच राहिली, असं दक्षिणेकडचे सांगतात. राणीनं कुणालाही काही विचारलं नाही. तिनं दिव्यात तेल घातलं.’ खाली एक दिव्याचं चित्र, आणि मग कोरं पान.

शांतम्मानं कोरं पान उलटून बघितलं. पुढं पुठ्ठा.

“हां,” ती म्हणाली. “आता सांग. आली का न्हाई बहीण?”

पंचफुलानं पदर सावरला. आमच्या दोघींच्या तोंडांकडं बघितलं. मग खिडकीकडं, टाक्यांकडं.

“आज न्हाई सांगत.”

“म्हंजे?”

“पोथी जिथं लागली तिथंच मिटती. चौरंगापुढं सांगीन.”

“कव्हा?”

“ते इचारू नको.” तिनं परातीतलं पीठ पुढ्यात ओढलं. “वाचणं झालं तुझं. अर्थ माझ्यापशी हाय. राहू दे.”

शांतम्मानं मोरपीस त्या कोऱ्या पानात ठेवलं. मला वाटलं होतं, चिडेल. ती खाली बसली आणि पंचफुलाच्या भाकरी होईपर्यंत शेंगा फोडत राहिली. म्हणजे पिशवीत शेंगाही होत्या. निघायच्या वेळी पंचफुला पाणी आणायला आत वळली, तेव्हा शांतम्मानं पिशवीतून पुडकं काढलं आणि ओट्यावरच्या चहाच्या डब्यामागं सारलं. वर्तमानपत्रातून पानांची देठं बाहेर आलेली. माझ्याकडं तिनं असं बघितलं की मी छताकडं बघितलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पुस्तक उघडंच होतं, त्यावर पदर. धूळ जाईल, मिटा, म्हणाले तर म्हणाली, “अर्थ बाकी हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर होते. पुस्तक चौरंगावर, कोऱ्या पानावर मोरपीस. त्रिवेणीला फोन लावावा लागला नाही. तो आपणच वाजला. तिनं स्पीकर मोठा केला आणि तांब्याला टेकवला.

पलीकडून खोकला आला. मग, “आमच्या चहाच्या डब्यामागं कुणीतरी पानं इसरून गेलंय.”

“आसल,” शांतम्मा म्हणाली. “माणसं लय इसराळू झालीत.”

“आन् नारळ.”

“नारळबी इसरलं? कमालच हाय.”

“तू दिलेलं न्हाई ना?”

“मी कशाला देऊ? मी तर मीठ मागायला आले होते.”

फोनमधून लिफ्टचा आवाज आला, गेला. ओसरीच्या मागं भिंतीपलीकडं कुणीतरी नळ्या ओढत होतं.

“मंग मी ठिवून घेते,” पंचफुला म्हणाली.

शांतम्मा फोनकडं वाकली. एवढी वाकली की पितळी आवाज पार बारीक झाला. “उन्हाळा हाय. पानं सुकतेत.”

“पानं सुकतेत,” पंचफुला म्हणाली. “सुपारी न्हाई सुकत.”